कपाटात पडलेल्या पोको एफ१ वर लिनिएज ओएस टाकताना

फोनमध्ये नवं रॉम, म्हणजे नवी कार्यप्रणाली, फ्लॅश करायला (बसवायला) वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. माझ्या पहिल्या पोको एफ१ ला मात्र नऊ दिवस लागले. त्यातले सात नुसते वाट बघण्यात गेले, एक चुकीच्या केबलपायी आणि एक लॅपटॉपच्या पोर्टपायी. म्हणून या लेखात कमांडपेक्षा कमांडच्या आधीचंच जास्त आहे. तिथे घाई केली की पुढे कपाळावर हात मारायची वेळ येते.

उदाहरणाला पोको एफ१ घेतलाय, कारण तो आपल्याकडे अनेक घरांत अजून सापडतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आला तेव्हा स्नॅपड्रॅगन ८४५ असलेला फोन २०,९९९ रुपयांत मिळणं हे नवल होतं, त्यामुळे तो भरपूर खपला. प्रोसेसर आजही रोजच्या कामाला कमी पडत नाही. अधिकृत सॉफ्टवेअर मात्र अँड्रॉइड १० वर आणि पोकोमागच्या शाओमी कंपनीच्या मीयूआय १२ या अँड्रॉइडवरच्या आवरणावर थांबलं. म्हणजे यंत्र धडधाकट आणि सुरक्षेचे पॅच बंद. कस्टम रॉमला, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेल्या रॉमला, याहून योग्य गिऱ्हाईक नाही.

लिनिएज ओएस हे गूगलने खुल्या केलेल्या अँड्रॉइडच्या कोडवर स्वयंसेवकांनी उभं केलेलं रूप. त्याचं मूळ सायनोजेनमॉडमध्ये. स्टीव्ह कोंडिकने २००९ मध्ये एचटीसी ड्रीम या पहिल्यावहिल्या अँड्रॉइड फोनसाठी ते सुरू केलं, पुढे त्याची कंपनी झाली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते बंद पडलं. त्याच महिन्यात त्याच कोडमधून लिनिएज निघालं. रॉम बाजारात डझनांनी आहेत, दर आठवड्याला नवं नाव आणि नवा वॉलपेपर. पहिल्यांदा करणाऱ्याने लिनिएजच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ते दिसायला जरा रुक्ष आहे, पण प्रत्येक फोनसाठी विकीवर वेगळं पान असतं आणि अडचण आली तर ती आधी कुणाला तरी आलेली असते.

आधी तीन प्रश्न

पहिला: हा फोन तुमचा एकुलता एक आहे का? असेल तर इथेच थांबा. रॉम टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा छोटा प्रोग्राम, उघडावा लागतो, म्हणजे त्याचं कुलूप काढावं (अनलॉक करावं) लागतं. यूपीआय, बँका, डिमॅट अशी बरीच अ‍ॅप बूटलोडर उघडा असलेला फोन ओळखतात. गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत असा फोन वरच्या पातळ्यांवर नापास होतो, मग अ‍ॅप एकतर उघडतच नाही किंवा आज चालतं आणि उद्या अपडेट आलं की बंद पडतं. त्यावर उपाय सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. ते उंदीर-मांजराचे खेळ आहेत आणि वाण्याच्या दुकानात मागे रांग लागलेली असताना त्यात हरायची तयारी असेल तरच खेळा. माझा नियम सोपा आहे: ज्या फोनवर पैसे, त्यावर रॉम नाही.

दुसरा: बॅटरी कशी आहे? फोन २०१८ चा आहे. मागचं झाकण कडेने वर आलंय का ते नखाने चाचपून बघा, टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का बघा. बॅटरी फुगली असेल तर आधी ती बदला. नुसतीच दमलेली असेल तरीही पैसे आधी बॅटरीवर घाला. रॉमने फोन हलका वाटतो, पण झिजलेली बॅटरी त्याने तरुण होत नाही.

तिसरा: बिघडला तर चालेल का? अशा निकामी झालेल्या फोनला या धंद्यात ब्रिक म्हणतात, म्हणजे वीट. पंढरपूरच्या विटेवर निदान पांडुरंग उभा आहे, आपल्या विटेचा उपयोग कागद उडू नयेत एवढाच. सांगितलेल्या क्रमाने गेलं तर ही वेळ सहसा येत नाही. पण ‘सहसा’ हा शब्द मुद्दाम लिहितोय. वॉरंटीचा प्रश्न या फोनला उरलेलाच नाही, नव्या फोनला असेल तर कंपनीचे नियम आधी वाचा.

तुमचा फोन वेगळा असेल तर लिनिएजच्या विकीवर त्याचं पान आहे का ते बघा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, सांकेतिक नाव जुळावं लागतं. पोको एफ१ चं आहे ‘बेरिलियम’. वनप्लस ६ चं ‘एंचिलाडा’, ६टी चं ‘फजिता’. अनलॉकचे नियमही कंपनीगणिक वेगळे. सॅमसंगमध्ये अनलॉक करून काही फ्लॅश केलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, मोटोरोलाच्या बऱ्याच फोनना कंपनीच्या साइटवरून कोड मागवावा लागतो, आणि शाओमीच्या हायपरओएसवाल्या (मीयूआयची पुढची पिढी) नव्या फोनना अटी पूर्वीपेक्षा कितीतरी कडक आहेत. आपला जुना पोको त्यातल्या त्यात समजूतदार आहे.

सामान गोळा करणं

एक संगणक लागेल. अनलॉकचं अधिकृत टूल विंडोजवरच चालतं, म्हणून निदान त्या दिवसापुरता तरी विंडोज लॅपटॉप हवा. त्यावर गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स उतरवा आणि सरळ सी ड्राइव्हवर, नावात स्पेस नसलेल्या फोल्डरमध्ये उलगडा. त्यात दोन हत्यारं असतात. एडीबी हे फोन चालू असताना किंवा रिकव्हरीत (दुरुस्तीसाठी आणि नवं रॉम बसवण्यासाठी असलेल्या वेगळ्या छोट्या व्यवस्थेत) असताना बोलतं, फास्टबूट हे बूटलोडरशी बोलतं. नवखे लोक या दोघांत गल्लत करतात आणि ‘डिव्हाइस दिसत नाही’ म्हणून तासभर रडतात.

मग केबल. माझ्याकडे होती ती गल्लीतल्या दुकानातून शंभर रुपयांत घेतलेली. चार्जिंग झकास व्हायचं, डेटा मात्र शून्य, कारण आत डेटाच्या तारांचा पत्ताच नव्हता. मी दिवसभर ड्रायव्हर काढत आणि टाकत बसलो. संध्याकाळी मावसभाऊ आला, त्याने केबल हातात घेऊन विचारलं, ‘‘अरे, याने फोटो तरी कॉपी होतात का?’’ होत नव्हते. तेव्हा पहिली चाचणी हीच: फोन जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा, एक फोटो लॅपटॉपवर घेऊन बघा.

आता फाइली. चार लागतील: लिनिएजची झिप, तिच्याच पानावर मिळणारी रिकव्हरीची इमेज, गूगलची अ‍ॅप हवी असतील तर ‘माइंड द गॅप्स’ची झिप, आणि परतीच्या वाटेसाठी शाओमीचं मूळ फास्टबूट रॉम. चौथी फाइल लोक उतरवत नाहीत, कारण ती दोनअडीच जीबीची असते आणि ‘लागली तर बघू’ असं वाटतं. ती लागते तेव्हा रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि नेटपॅक संपलेला असतो. आधीच उतरवून ठेवा.

गॅप्स, म्हणजे गूगलच्या अ‍ॅपचा हा संच, निवडताना दोन गोष्टी जुळवा: प्रोसेसरची जात, इथे आर्म६४, आणि अँड्रॉइडची आवृत्ती. लिनिएजचा आकडा आणि अँड्रॉइडचा आकडा एकच नसतो. लिनिएज २० म्हणजे अँड्रॉइड १३, २१ म्हणजे १४, २२ म्हणजे १५. लिनिएज २१ वर ‘अँड्रॉइड २१’चं गॅप्स शोधणारा एकजण मी पाहिलाय, आणि तो इंजिनिअर होता.

प्रत्येक डाउनलोडशेजारी एसएचए२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. विंडोजच्या कमांड खिडकीत सर्टयूटिल या कमांडने आपल्या फाइलचा तोच आकडा काढता येतो. पहिली आणि शेवटची सहा-सात अक्षरं जुळली तरी माझं समाधान होतं. अर्धवट उतरलेली झिप फ्लॅश करणं हा मनस्ताप विकत घेण्याचा सर्वात स्वस्त मार्ग आहे.

बॅकअप: इथे घाई नको

बूटलोडर उघडला की फोन पुसला जातो. सगळा. फोटो, मेसेज, डाउनलोड, काही म्हणजे काही उरत नाही. फोटो लॅपटॉपवर घेणं सगळ्यांना आठवतं. विसरतं ते वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप शेवटचा कधी झाला ते उघडून बघा, आणि त्याला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल तर तो आठवतोय का तेही. दुहेरी पडताळणीचे सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप या फोनवर असेल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा, नाहीतर स्वतःच्याच ईमेलच्या दाराबाहेर उभं राहाल. फोनच्या मेमरीत साठवलेले, गूगल खात्यात नसलेले संपर्क निर्यात करा. कॉल रेकॉर्डिंग आणि व्हॉइस रेकॉर्डरचं फोल्डर वेगळं असतं. आमच्या आजीच्या आवाजातली एक ओवी त्या फोल्डरमध्ये होती. ती मला अगदी शेवटच्या क्षणी आठवली, म्हणून वाचली.

स्टार चौकट शून्य सहा चौकट डायल करून दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, कागदावर लिहून घ्या. नंतर पडताळायला लागतील.

आणखी एक काम: मूळ मीयूआय पूर्णपणे अपडेट करून घ्या, अगदी शेवटच्या आवृत्तीपर्यंत. रॉम बदललं तरी मोडेम, वायफाय अशा भागांचं खालचं फर्मवेअर (ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बहुधा जुनंच राहतं, आणि लिनिएज त्याची विशिष्ट आवृत्ती गृहीत धरतं. ‘रॉम टाकलं आणि सिमच दिसेना’ अशी तक्रार असली की मूळ अनेकदा इथे असतं.

बूटलोडर उघडणं

‘अबाउट फोन’मध्ये मीयूआयच्या आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतील. ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये ते सापडतात. त्यात ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू करा. मग ‘एमआय अनलॉक स्टेटस’ उघडून आपलं एमआय खातं या फोनला जोडा. हे करताना वायफाय बंद आणि सिमचा मोबाइल डेटा चालू हवा. नाहीतर खातं जोडलंच जात नाही आणि कारणही धड सांगितलं जात नाही.

आता फोन बंद करा. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा. फास्टबूटचा पडदा येईल. लॅपटॉपवर एमआय अनलॉक टूलमध्ये त्याच खात्याने आत या, फोन जोडा आणि ‘अनलॉक’ दाबा. पहिल्यांदा ते बहुतेक नकारच देईल आणि थांबायचे तास दाखवेल. मला १६८ तास दाखवले, म्हणजे बरोबर सात दिवस. या काळात खातं काढून परत जोडू नका, मोजणी पहिल्यापासून सुरू होण्याचा धोका असतो. फोन नेहमीसारखा वापरत राहा. पैसे घेऊन ‘ताबडतोब अनलॉक’ करून देणारे भेटतील. ते तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा तुमच्या लॅपटॉपचा रिमोट ताबा मागतात. नाही म्हणा.

सात दिवसांनी तेच सगळं पुन्हा करा. यावेळी टूल एक-दोनदा ‘खरंच?’ विचारेल, फोन पुसेल आणि रीस्टार्ट करेल. सुरुवातीच्या लोगोखाली आता ‘अनलॉक्ड’ हा शब्द दिसू लागतो. तो कायम दिसणार.

रिकव्हरी बसवणं

फोन पुसल्यामुळे मीयूआय नव्याने विचारपूस करेल. वायफाय, खातं, सगळं वगळत पुढे जा आणि यूएसबी डिबगिंग तेवढं पुन्हा चालू करा.

लॅपटॉपवर प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडा. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी, सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांत एक स्पेस. पहिली कमांड:

एडीबी डिव्हायसेस

फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट येईल, ‘नेहमी’वर खूण करून हो म्हणा. लॅपटॉपवर एक क्रमांक आणि त्यापुढे ‘डिव्हाइस’ असं दिसलं की संवाद जुळला. ‘अनऑथराइज्ड’ दिसलं तर फोनकडे बघा, चौकट अजून तुमची वाट बघतेय. पुढे:

एडीबी रिबूट बूटलोडर

फास्टबूटचा पडदा आला की:

फास्टबूट डिव्हायसेस

इथे माझा आणखी एक दिवस गेला. कमांड दिली की फोनचा पडदा काळा व्हायचा आणि वरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘बंद करण्यासाठी कोणतंही बटण दाबा’ अशी इंग्रजी ओळ उमटायची. मला वाटलं फोन गेला. तो मुळीच गेला नव्हता. स्नॅपड्रॅगन ८४५ च्या फोनचं फास्टबूट काही नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टशी नीट बोलत नाही. मधे यूएसबी २ चा साधा हब लावला, जुन्या प्रिंटरबरोबर पडलेला, आणि पुढच्याच कमांडला उत्तर आलं. असा हब नसेल तर जुना लॅपटॉप शोधा.

फोन बरोबर आहे याची खात्री करून घ्या:

फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट

उत्तरात बेरिलियम यायला हवं. दुसरं काहीही आलं तर हात मागे घ्या. रिकव्हरीच्या उतरवलेल्या फाइलचं नाव सोयीसाठी छोटं करून ‘रिकव्हरी.आयएमजी’ ठेवा आणि ती त्याच फोल्डरमध्ये असू द्या. मग:

फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी रिकव्हरी.आयएमजी

रिकव्हरी हा शब्द दोनदा का, असं विचाराल तर पहिला म्हणजे फोनमधली जागा आणि दुसरा म्हणजे तुमची फाइल. दोन-तीन सेकंदांत ‘ओके’ येतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची अर्धी मिनिटं. फोन आपोआप मीयूआयमध्ये जाऊ देऊ नका. गेला तर मीयूआय स्वतःची रिकव्हरी परत बसवून टाकतं आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच येता. केबल काढा. आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा, लोगो आला की पॉवर सोडा, आवाजाचं बटण धरून ठेवा. लिनिएजचा लोगो असलेला रिकव्हरीचा पडदा आला पाहिजे. मीयूआयचा आला तर पुन्हा फास्टबूटमध्ये जाऊन तीच कमांड द्या. काही बिघडलेलं नाही.

रॉम

रिकव्हरीत आधी ‘फॅक्टरी रिसेट’, त्यात ‘फॉरमॅट डेटा’. मीयूआयने एन्क्रिप्ट केलेला जुना डेटा नव्या रॉमला वाचता येत नाही. ही पायरी टाळली तर लिनिएजचं वर्तुळ गोल गोल फिरत राहतं आणि फोन कधीच उघडत नाही. बूटलूप म्हणतात तो हाच, आणि नवख्यांच्या बूटलूपमागे निम्म्या वेळा हेच कारण असतं असा माझा अनुभव.

मागे येऊन ‘अप्लाय अपडेट’, मग ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’. फोन वाट बघत बसेल. केबल जोडा आणि लॅपटॉपवर:

एडीबी साइडलोड लिनिएज.झिप

फाइलचं जे खरं नाव असेल ते द्या. मोठं नाव टाइप करण्यापेक्षा पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, विंडोज पुरं करतं.

आकडा वाढत जाईल आणि लॅपटॉपवर ४७ टक्क्यांना थांबेल. कधीकधी खाली ‘फेल्ड टु रीड कमांड’ असं काही येईल आणि त्याच ओळीत, काय विनोद आहे पाहा, ‘सक्सेस’ किंवा ‘नो एरर’ असंही असेल. घाबरू नका. केबलला हात लावू नका. लॅपटॉपवरचा आकडा हा फाइल किती वाचली गेली त्याचा अंदाज असतो, काम पूर्ण झालं का ते फोनच्या पडद्यावर कळतं. तिथे शेवटी स्टेटस शून्य किंवा यश मिळाल्याची ओळ आली की झालं. पहिल्यांदा मी या ४७ टक्क्यांवर दहा मिनिटं श्वास रोखून बसलो होतो. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला.

गूगल हवं की नको

हा निर्णय फोन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी घ्यायचा असतो. एकदा लिनिएज उघडलं आणि मग गॅप्स टाकलं तर परवानग्यांचा घोळ होतो, अ‍ॅप पुन्हा पुन्हा कोसळत राहतात आणि शेवटी डेटा पुसून परत सुरुवात करावी लागते.

हवं असेल तर आताच रिकव्हरीतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून पुन्हा रिकव्हरीतच रिबूट करा. मग पुन्हा ‘अप्लाय अपडेट’, ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’, आणि साइडलोडला यावेळी गॅप्सची झिप. रिकव्हरी म्हणेल की सही जुळत नाही, तरी टाकायचं का? माइंड द गॅप्सवर लिनिएजची सही नसतेच, त्यामुळे इथे हो म्हणायचं. हाच इशारा लिनिएजच्या स्वतःच्या झिपला आला असता तर मात्र मी नाही म्हणून फाइल पुन्हा उतरवली असती.

नको असेल तर फोन आश्चर्य वाटावं इतका शांत होतो. एफ-ड्रॉइडवरून खुल्या सॉफ्टवेअरची अ‍ॅप घ्या, पुस्तकं वाचा, गाणी ऐका, नकाशे ऑफलाइन ठेवा. पण गूगलच्या सेवांवर अवलंबून असलेल्या अ‍ॅपच्या सूचना येत नाहीत किंवा उशिरा येतात. माझा फोन घरातला दुसरा फोन म्हणून आईसाठी होता आणि तिला यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप हवं होतं. तत्त्वं गुंडाळून ठेवली, गॅप्स टाकलं.

मग ‘रिबूट सिस्टिम नाउ’. पहिल्या वेळी वेळ लागतो. पाच मिनिटं लागली तर चिंता नको, पंधरा मिनिटं उलटली तरी वर्तुळच फिरत असेल तर काहीतरी राहिलंय. रिकव्हरीत परत जा, डेटा पुन्हा फॉरमॅट करा, पुन्हा सुरू करा.

लगेच काय तपासायचं

नवा फोन दिसला की लोक आधी वॉलपेपर बदलतात. त्याआधी कॉल लावा. जिओचं सिम असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण जिओला टूजी-थ्रीजीचा आधारच नाही. व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय, चालली नाही तर कॉल नाही. नेट चालतंय म्हणून गाफील राहू नका, कुणाला तरी फोन करून दोन्हीकडचा आवाज ऐका. आयएमईआय कागदाशी ताडून बघा. मग बोटाचा ठसा, पुढचा-मागचा कॅमेरा, व्हिडिओतला आवाज, जीपीएस, ब्लूटूथवर गाणं, हॉटस्पॉट, हेडफोनची पिन. काही चाललं नाही तर आत्ताच कळलेलं बरं, फोन अजून रिकामा आहे.

कॅमेऱ्याचं आधीच सांगतो: मूळ कॅमेरा अ‍ॅपइतके फोटो लिनिएजच्या अ‍ॅपने येणार नाहीत. कंपनीची प्रक्रिया मूळ अ‍ॅपबरोबर गेली. दिवसा फरक जाणवत नाही, रात्रीच्या फोटोत जाणवतो.

भाषा मराठी करून बघा. लिनिएजची स्वतःची काही वाक्यं इंग्रजीतच राहतात, बाकी मेनू मराठीत येतात आणि लॉक पडद्यावरचं घड्याळ देवनागरी आकड्यांत दिसतं. आईने फोन हातात घेतला आणि पहिली गोष्ट हीच वाचली: ‘‘सहा वाजून चाळीस. हे बरंय.’’ बरोबरच्या कीबोर्डमध्ये मराठी मांडणी आहे, पण इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर गूगलचा कीबोर्ड वेगळा घ्यावा लागेल.

रूटबद्दल, म्हणजे फोनच्या आतल्या व्यवस्थेवर पूर्ण ताबा घेण्याबद्दल, विचारणारे भेटतीलच. रॉम टाकणं आणि रूट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनिएज रूटशिवाय येतं आणि आईच्या फोनला रूटची गरज मला तरी आजवर पडलेली नाही. बूटलोडर मात्र उघडाच राहतो, आणि याचा अर्थ फोन ज्याच्या हाती लागेल त्याला फास्टबूटमधून त्यात ढवळाढवळ करता येते. पडद्याला पिन लावा. डेटा एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे चोराला फोटो सहजी वाचता येणार नाहीत. तरी ऑफिसची गुपितं या फोनवर नकोत.

अपडेट आणि परतीची वाट

बहुतेक अधिकृत फोनना लिनिएजची नवी बांधणी साधारण आठवड्याला येते. सेटिंग्जमधल्या ‘अपडेटर’मधून ती उतरते आणि फोन स्वतःच रिकव्हरीत जाऊन बसवतो. गॅप्स आपोआप जपलं जातं. मी दर आठवड्याला करत नाही, महिन्यातून एकदा करतो. २१ वरून २२ अशी मोठी उडी मात्र अपडेटरमधून होत नाही. तिथे पुन्हा रिकव्हरी, साइडलोड, आणि त्याच बैठकीत नव्या आवृत्तीचं गॅप्स.

मूळ मीयूआयवर परत जायचं असेल तर ती चौथी फाइल काढा. उलगडा, फोन फास्टबूटमध्ये न्या, शाओमीचं मी-फ्लॅश टूल उघडा. आता खिडकीच्या खालच्या बाजूला नीट बघा. तिथे तीन पर्याय असतात आणि टूल उघडताच ‘क्लीन ऑल अँड लॉक’ आधीच निवडलेला असतो. म्हणजे सगळं पुसा आणि बूटलोडरला पुन्हा कुलूप लावा. रॉम दुसऱ्या प्रदेशाचं किंवा दुसऱ्या मॉडेलचं असेल आणि वर कुलूप लागलं, तर फोन सुरू होत नाही आणि कुलूपही उघडता येत नाही. खऱ्या विटा इथे भाजल्या जातात. ‘क्लीन ऑल’ निवडा, फोन सुरू होऊ द्या, दोन दिवस वापरा. कुलपाचा विचार त्यानंतर. लिनिएज फोनवर असताना तर बूटलोडरला कुलूप लावायचं नावच काढू नका.

माझ्या लॅपटॉपवर ते फास्टबूट रॉम अजून आहे, ‘पुसू नये’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये. तो यूएसबी हबही ड्रॉवरमध्ये, शंभर रुपयांच्या केबलशेजारी. केबलवर मी चिकटपट्टी लावून लिहिलंय: फक्त चार्जिंग.